एक तारखेचा नवा माणूस

पत्र

ताई, नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहतो. अंबडला एका कंपनीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर आहे. वय 37. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. घरी आई, बायको आणि सात वर्षांची मुलगी.

गेली काही वर्षं मी दर एक तारखेला नवा माणूस व्हायचं ठरवतो. कंपनीच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी लिहितो: पाचला उठणे, पांडवलेणी चढणे, सूर्यनमस्कार, ध्यान, रोज दहा पानं वाचन, मोबाइल नऊला बंद, तंबाखू बंद, बाहेरचं तेलकट बंद, चिडायचं नाही. चार-पाच दिवस जोरात जातात. मग सेकंड शिफ्ट लागते किंवा ओव्हरटाइम येतो आणि सगळं बारगळतं. मग वाटतं, आता पुढच्या एक तारखेलाच बघू. व्हिडिओत सांगतात की 21 दिवस केलं की सवय लागते. माझे 21 कधी पुरे झाले नाहीत.

आता खरं सांगतो. मागच्या महिन्यात कामावरून आलो, गाडी लावत होतो, तर आतून मुलीचा आवाज आला, ‘आजी, टीव्ही बंद कर, पप्पा आले.’ मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही. आवाज चढवतो, एवढंच. पण त्या दिवशी पाय उचलेना.

आमच्यातला एक जण म्हणतो, इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर कर, माणूस बदलून येतो. भांडून रजा घेऊ का? आणि इतक्या साध्या गोष्टी जमत नाहीत म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का?

— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमच्या यादीत नऊ कलमं आहेत. ज्या गोष्टीने तुम्हाला हे पत्र लिहायला बसवलं, ती त्यात सगळ्यात खाली आहे आणि तीही दोन शब्दांत उरकलेली. वरची आठ कलमं चांगल्या माणसाची आहेत, तुमची नाहीत. कुठल्याही व्हिडिओतून उचलून कुणाच्याही कॅलेंडरवर चिकटवावीत अशी. तेव्हा पहिलं काम: ती आठ खोडा. पांडवलेणी दोन हजार वर्षं जागची हललेली नाहीत, आणखी वर्षभर तुमची वाट बघतील.

उरलं नववं. ‘चिडायचं नाही.’ हे ठरवता येत नाही. राग काही विचारून येत नाही, आणि ‘न करणे’ हे काही कामही नाही. ते कधी करायचं, कुठे करायचं, झालं हे कसं कळणार? तुम्ही कामावर ‘चूक करायची नाही’ असा जॉब कार्डवरचा शेरा वाचून पीस काढू शकाल का? हातांनी काय करायचं हे ज्यात लिहिलेलं नाही, असा निश्चय पहिल्या गरम डोक्याबरोबर वाहून जातो.

आधी त्या 21 दिवसांचा निकाल लावू, कारण त्या आकड्याने तुमचं बरंच नुकसान केलं आहे. 1960 मध्ये एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहून ठेवलं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात. निरीक्षण नाकाचं होतं, पहाटे उठण्याचं नव्हतं. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातला ‘निदान’ गाळला आणि बाकीचं सगळ्या जगाला लावलं. प्रत्यक्ष मोजणी झाली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडायला लावली. कुणी जेवणासोबत एक फळ, कुणी पाण्याची बाटली, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं. ती गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. पण कुणाला 18, तर कुणाला 254. (हा 254 आलेखावरून काढलेला अंदाज आहे, कारण अभ्यासच 84 दिवसांचा होता.) तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे: मधला एखादा दिवस चुकला, तर त्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तुम्ही मात्र पाचव्या दिवशी चुकलात की कॅलेंडरच उलटून ठेवता.

आणि एक तारखेला सुरुवात करण्यात काही वेडेपणा नाही. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात. नवं पान उलटल्यासारखं वाटतं आणि पाय उचलतो. पण तारीख फक्त सुरुवात करून देते. दुसऱ्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लागली की तिला तुमची ओळखही राहत नाही.

मग काय धरून चालायचं? पूजेला बसलं की गुरुजी आधी काय वदवून घेतात ते आठवा. सत्यनारायण असो की वास्तुशांत, ‘पूजा करीन’ हे ते लगेच म्हणू देत नाहीत. आधी जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य. मग ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’. पंचवटीतल्या घरात बसला असाल तर ‘उत्तरे तीरे’. नदीचा काठसुद्धा चुकू देत नाहीत. मग शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग तुमचं गोत्र आणि नाव. इतकं सगळं झाल्यावर काय करणार ते, आणि अगदी शेवटी ‘करिष्ये’ म्हणून पळीने ताम्हनात पाणी. तुम्ही पूजा मानत असा किंवा नसा, ही रचना बघण्यासारखी आहे. कुठे, केव्हा आणि कोण, हे पक्कं झाल्याशिवाय ‘करीन’ म्हणायची परवानगीच नाही. तुमच्या कॅलेंडरवर मात्र ओळीने नऊ ‘करिष्ये’ आहेत आणि काठ एकाचाही नाही.

हेच पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं. ‘मी जास्त व्यायाम करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं जोडून ठेवणारे कितीतरी जास्त वेळा ते काम खरोखर करतात. 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा 94 चाचण्यांची एकत्र बेरीज मांडली आणि हा फरक चांगला घसघशीत निघाला. कारण सरळ आहे. ऐन वेळी ‘आता करू का नंतर’ हा वाद डोक्यात उभाच राहत नाही. अमुक झालं, हात कामाला लागले.

आता तुमची खरी अडचण. व्हिडिओतले सगळे गुरू घड्याळ धरून बोलतात, कारण त्यांची शिफ्ट बदलत नाही. तुमच्या थर्डच्या, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे पाचला तुम्ही मशीनसमोर उभे असता, आणि सेकंडच्या आठवड्यात पाचला उठणं म्हणजे चार तास झोपून उठणं. ‘पाचला उठणे’ हे कलम तीनपैकी दोन आठवडे पाळणं अशक्यच होतं. त्याचा दोष तुम्ही स्वतःच्या माथी मारत आलात. तुमच्यात काही कमी आहे का या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

म्हणून घड्याळ सोडा आणि अशी गोष्ट शोधा जी तिन्ही शिफ्टला तशीच घडते. तुमच्याकडे ती आहे, आणि तुमच्या मुलीने ती तुमच्याआधी ओळखली आहे: गल्लीत गाडी थांबण्याचा आवाज.

जरा त्या वाक्याकडे परत बघा. गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद. खूण ठरलेली, कृती ठरलेली, मध्ये विचार नाही. ही सवयच आहे, भाऊ, आणि ती कुणी 21 दिवस मोजून लावलेली नाही. कदाचित तिची सुरुवात तुमच्या नाईटच्या आठवड्यांत झाली असेल, दिवसा तुमची झोपमोड होऊ नये म्हणून दोन खोल्यांच्या घरात सगळे दबक्या पावलांनी वावरतात तेव्हा. असेलही. पण तुमचा पाय उचलला नाही, म्हणजे दुसरंही कारण तुम्हाला माहीत आहे. वेंडी वुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांच्या गटाने 2002 मध्ये लोकांना दर तासाला आपण काय करतोय ते टिपायला लावलं, तेव्हा सुमारे 43 टक्के गोष्टी अशाच निघाल्या: जवळजवळ रोज, त्याच जागी, बहुतेक वेळा मन दुसरीकडे असताना केलेल्या. घरात शिरल्या शिरल्या ‘हा पसारा कुणी केला’ असं काही तुमच्या तोंडून निघत असेल, तर तेही त्यातलंच असणार. ते तुम्ही ठरवून बोलत नाही. बूट काढताना ते आपोआप बाहेर येतं.

तेव्हा त्याच आवाजाला दुसरी कृती बांधायची. कॅलेंडरवर एवढंच लिहा:

‘गल्लीत गाडी स्टँडवर लावून चावी काढली, की हेल्मेट हातात धरून तीन श्वास होईपर्यंत गाडीजवळच उभा राहीन. मग आत जाऊन, काही बोलण्याआधी हातपाय धुईन.’

बस. आता हे तीन श्वास म्हणजे काय ते नीट सांगते, कारण ‘दीर्घ श्वास घ्या’ हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की कुणी ऐकत नाही. मुद्दाम खोल ओढायचा नाही. जसा येतोय तसा येऊ द्या आणि सोडताना तो पुरता बाहेर जाईपर्यंत थांबा. पहिल्या श्वासाला अंगाकडे बघा. हेल्मेटमुळे आवळलेला जबडा, वर चढलेले खांदे, हाताला अजून येणारा कूलंटचा वास, कानात रेंगाळणारी मशीनची घरघर. काही बदलायचं नाही, फक्त नोंद घ्यायची. दुसऱ्या श्वासाला मनातल्या मनात नाव द्या, आत काय घेऊन चाललोय: ‘टार्गेट राहिलं.’ ‘साहेब सगळ्यांसमोर बोलले.’ ‘रिलीव्हर उशिरा आला.’ ‘भूक.’ खूपदा ती नुसती भूक असते. तिसऱ्या श्वासाला, आत कोण आहे ते आठवा. एवढंच. गल्लीतल्या कुणाला कळणारही नाही, वाटेल हा खिसे चाचपतोय.

हातपाय धुण्याचं मी मुद्दाम घातलं. आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस पायावर पाणी घेतल्याशिवाय घरात वावरत नसे. त्यात स्वच्छता होतीच, पण बाहेरचा दिवस संपून घरातला सुरू व्हायला एक-दोन मिनिटंही मिळत. तुम्हाला ती मिनिटं हवी आहेत. पाणी थंड असू द्या, घाई करू नका.

त्यानंतरचं पहिलं बोलणं मुलीशी, आणि त्यात प्रश्न नको. ‘अभ्यास झाला का’, ‘शाळेत काय शिकवलं’, ‘टीव्ही किती वेळ चालू होता’ हे प्रश्न सात वर्षांच्या पोरीला तपासणीसारखे वाटतात. तिच्या जवळ बसा आणि ती जे करतेय त्यात डोकवा. टीव्हीवर जे चाललं असेल ते तिच्याबरोबर पाच मिनिटं बघा. कार्टून भिकार असेल. बघा.

शिफ्टप्रमाणे थोडा फरक पडेल. सेकंडहून तुम्ही मध्यरात्री येता, तेव्हा ती झोपलेली असेल. श्वास आणि हातपाय तेच ठेवा, मुलीशी बोलणं सकाळी तिचं दप्तर भरताना. थर्डहून सकाळी येता, तेव्हा घरात शाळेची धांदल, डबा, वेणी, रिक्षावाल्याचा हॉर्न, आणि तुमचे डोळे मिटायला आलेले. हा तुमचा सगळ्यात धोक्याचा अर्धा तास आहे. त्या आठवड्यात स्वतःकडून काहीही मोठं मागू नका. श्वास घ्या, हातपाय धुवा, तिच्या डोक्यावरून हात फिरवा आणि झोपा. शिस्तीचे सगळे विषय फर्स्टच्या आठवड्यावर ढकला. अपुऱ्या झोपेवर चिडचिड होते, तिला सुविचाराने उतार पडत नाही. दिवसा झोपण्यासाठी खिडकीला जाड पडदा लावला तर तो या सदरातल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त कामाला येईल.

आता खंड पडेल तेव्हाचं. पडणारच आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवा. एखाद्या दिवशी तुम्ही चावी काढाल, फोन वाजेल, बोलत बोलत आत शिराल आणि नेहमीसारखा आवाज चढेल. तो दिवस गेला. शंभरातला एक पीस रिजेक्ट निघाला म्हणून तुम्ही मशीन भंगारात काढत नाही. ऑफसेट (टूलची सेटिंग) बघता आणि पुढचा पीस लावता. इथेही तेच. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून सहा श्वास घ्यायचे नाहीत, पुढच्या एक तारखेची वाट बघायची नाही. मात्र मुलीवर आवाज चढला असेल तर त्याच रात्री, किंवा ती झोपली असेल तर सकाळी, तिला एवढं सांगा: ‘काल माझा आवाज चढला. तुझं काही चुकलं नव्हतं.’ यापुढे ‘पण तूही जरा...’ जोडू नका, आणि चॉकलेटही नको. चॉकलेट दिलं की ओरडण्याचा भाव ठरतो.

आपल्या व्रतांच्या कहाण्यांत वसा घेताना म्हणतात, ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.’ लहानपणी हे ऐकत वाढल्यामुळे आपल्याला वाटतं, एकदा सुटला की संपलं. पण कहाण्या नीट ऐका. वसा सुटतो, दशा येते, कुणीतरी आठवण करून देतं आणि वसा पुन्हा घेतला की घर पुन्हा भरतं. पुन्हा घेण्याची सोय मूळ कहाणीतच आहे.

आणखी एक जुनी सोय वापरा, ती मुदतीची. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका चातुर्मासात नियम धरायच्या. कुणी कांदा-लसूण सोडायची, कुणी वांगं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचायची. नियम लहान असायचा, तो कधी संपणार हे आधीच ठरलेलं असायचं आणि शेवटी उद्यापन व्हायचं. ‘आयुष्यभर वांगं खाणार नाही’ असं कुणी म्हणत नसे. आषाढी जवळ आलीच आहे. तिथपासून कार्तिकीपर्यंत हा तुमचा नियम. चार महिने म्हणजे लॅलीबाईंच्या 66 दिवसांहून बरेच जास्त होतात आणि त्यात तिन्ही शिफ्टच्या कितीतरी फेऱ्या येतात. कार्तिकीनंतर ठेवायचा, बदलायचा की सोडायचा ते तेव्हा बघा. तोवर दुसरं काहीही सुरू करायचं नाही, कितीही उत्साह आला तरी. पाचव्या दिवशी तो येतोच, तुम्हाला माहीत आहे.

इगतपुरीबद्दल. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरं चालतात आणि तिथली शिस्त खरी आहे. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहिले तीन दिवस फक्त नाकातून येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो, विपश्यना शिकवतात ती चौथ्या दिवशी. म्हणजे तिथेही सुरुवात तुमच्या गाडीजवळच्या कामापासूनच होते, फक्त पुष्कळ जास्त वेळ. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध परंपरेतली अशीच साधना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी नेली आणि आज ‘माइंडफुलनेस’ नावाने ती परत आपल्यालाच अ‍ॅपमधून महिन्याच्या हप्त्यावर विकली जाते. असो.

जायला माझा विरोध नाही. पण आत्ता, भांडून रजा घेऊन जाऊ नका. एक तर तुमचा स्वभाव बघता तुम्ही तिथूनही ‘नवा माणूस’ होऊन यायचं ठरवाल, ती नुसती मोठी एक तारीख होईल. दुसरं, अकराव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही याच गल्लीत गाडी लावणार आहात. दहा दिवस पप्पा नव्हते एवढंच मुलीला कळेल, गाडीच्या आवाजाचा तिचा अर्थ बदललेला नसेल. आधी इथला वसा चालू द्या. पुढच्या वर्षी रजा सरळ मिळाली आणि तेव्हाही ओढ वाटली, तर जरूर जा, आणि प्रवेश-अर्जात तब्येतीबद्दल विचारतात ते खरं खरं भरा.

घरच्यांना काय सांगायचं? आईंना फार काही नको. बायकोला हे पत्र दाखवा, पण ‘मी आल्यावर दहा मिनिटं मला कुणी काही सांगायचं नाही’ असा फतवा काढू नका. तिचाही दिवस गेलेला असतो, आणि आल्या आल्या ती गॅस संपल्याचं सांगते ते तुम्हाला छळायला नाही. विचारा, ‘मी हातपाय धुऊन येईपर्यंत थांबशील का?’ एवढं कुणीही थांबतं. मुलीला मात्र काहीच सांगू नका. तिला पहारेकरी करू नका, ‘आज पप्पा चिडले का’ असे तिच्याकडून मार्कही घेऊ नका. ती टीव्ही बंद करत राहील, कदाचित बरेच आठवडे. ‘का बंद केलास, मी काही बोललो का’ असं विचारलंत तर तो पुन्हा तुमचाच चढलेला आवाज होईल. तुम्ही फक्त रिमोट उचलून टीव्ही लावा आणि शेजारी बसा. तिचा अंदाज तिच्या वेगाने बदलेल. त्याची तारीख तुमच्या हातात नाही.

खोडलेल्या आठांपैकी दोघांबद्दल मात्र बोलायला हवं. मोबाइल ‘नऊला बंद’ हे पुन्हा घड्याळच. त्यापेक्षा चार्जर उशाजवळून काढून ओट्याजवळच्या प्लगला लावा आणि फोन तिथेच ठेवा. सेकंडहून आल्यावर पडल्या पडल्या रील बघायला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं, तर बऱ्याच रात्री तुम्ही जाणार नाही. याला निश्चय लागत नाही, एक्स्टेंशन बोर्ड लागतो. हा बदल फुकटचा आहे, म्हणून नियमात धरत नाही.

तंबाखू ही वेगळी गोष्ट. ती यादीत ‘तेलकट बंद’च्या शेजारी लिहिण्यासारखी नाही. ते व्यसन आहे, निकोटीन शरीराला धरून ठेवतं, आणि ती सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड वाढते. म्हणून ती आणि हा नियम एकाच आठवड्यात सुरू करू नका, आणि ती एकट्याच्या जिवावर सोडायला जाऊ नका. पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा क्रमांक शोभेसाठी नाही. तिथे फुकट समुपदेशन मिळतं. डॉक्टरांनाही विचारा, सोडताना आधाराला औषधं असतात.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. फर्स्टच्या आठवड्यात, झोप पुरी होऊनही, जर चिडचिड तशीच राहत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप येत नसेल किंवा हात उचलावासा वाटत असेल, तर ते श्वासांवर सोडू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक 14416, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन केल्याने माणूस वेडा ठरत नाही. तुमच्या पत्रावरून मला तसं काही गंभीर दिसत नाही, पण पत्रात माणूस सगळं लिहीत नाही हेही मला ठाऊक आहे.

या रविवारी काही विकत आणू नका. नवी डायरी नको, बूट नकोत, अ‍ॅप तर नकोच. कॅलेंडरच्या मागची जुनी यादी आडवी रेघ मारून खोडा, वरची दोन वाक्यं लिहा, त्याखाली खंड पडला तर काय करायचं ते लिहा. मग प्रत्यक्ष गाडी काढून गल्लीच्या टोकापर्यंत जा, परत या, स्टँडवर लावा आणि एकदा करून बघा. लाज वाटेल, पण उभं कुठे राहायचं, हेल्मेट कुठल्या हातात, हे शरीराला आधी कळलेलं बरं.

कार्तिकीनंतर दोन ओळी टाका. किती दिवस जमलं ते नको. कुठल्या शिफ्टला सगळ्यात अवघड गेलं आणि तिथे तुम्ही काय बदल केला, तेवढं लिहा. शिफ्टवाल्या घरांची पत्रं माझ्याकडे पुष्कळ येतात, त्यांना देता येईल.

— तुमची ताई